बठ्ठं ठीक शे

हिवरपाट नावाची गावं दोन. मधून नदी जाते. जाते असं आपलं म्हणायचं, वर्षातले आठ महिने तिथे वाळू आणि बाभळीच असतात. सरकारी कागदावर एक हिवरपाट बुद्रुक आणि दुसरं हिवरपाट खुर्द. शाळेत गेलेला कुणीही सांगेल की बुद्रुक म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे लहान. पण ज्या कारकुनाने हे लिहून ठेवलं तो मरून किती पिढ्या झाल्या कोण जाणे. मधल्या काळात हमरस्ता खुर्दच्या अंगाने गेला, एसटीचा थांबा तिथे झाला, रविवारचा बाजार तिथे भरू लागला. बुद्रुकात साठ-सत्तर घरं आणि एक टेकडी उरली. तेव्हापासून त्या भागातली माणसं खुर्दला मोठं हिवरपाट म्हणतात आणि बुद्रुकला लहान. कागद उलटा पडला याचं तिथे कुणाला काही वाटत नाही. बाहेरच्या माणसाला हे कुणी मुद्दाम सांगतही नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे हेच आतल्यांच्या लक्षात येत नाही.

दिपमाला आतली होती. तिचं गाव हिवरपाटपासून चार कोसांवर, एरंडोल तालुक्यातच. संगणकाची पदविका घेऊन ती आईसोबत जळगावला आली आणि गेली चार वर्षं तिथल्या पिंप्राळ्यात पुनीतशेठच्या कंपनीत होती. कंपनी म्हणजे खाली वडिलांचं, निर्मलकुमार शेठजींचं, पंप-मोटारींचं दुकान आणि वर दोन खोल्या. त्या दोन खोल्यांतून चौदा गावांवर लक्ष ठेवलं जाई. धुळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्याने चौदा गावांत आरोग्य केंद्रं उघडली होती. केंद्रात एक नर्स आणि एक ईसीजीचं यंत्र. कुणाच्या छातीत दुखलं की नर्सने वायरी छातीवर लावायच्या, काळजाची पट्टी वायरीवरून थेट धुळ्याच्या डॉक्टरच्या पडद्यावर उमटायची, आणि डॉक्टरने फोनवर सांगायचं काय करायचं ते. ही वायर चालू ठेवायची जबाबदारी पुनीतशेठच्या कंपनीची, म्हणजे योगेंद्र आणि दिपमालाची.

योगेंद्र धुळ्याचा, देवपुरातला. वयाने तिच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, शिडीवर चढताना चपला काढून ठेवणारा माणूस. काम त्यानेच शिकवलं. पहिल्याच दिवशी त्याने तिला पडदा दाखवला: गावांची नावं आणि प्रत्येकापुढे एक हिरवा ठिपका.

"प्रत्येक केंद्रात भिंतीवर एक पेटी आहे, तिला स्विच म्हणतात," तो म्हणाला. "केंद्रातल्या सगळ्या वायरी तिच्यात येतात. आपला संगणक दर पाच मिनिटांनी त्या पेट्यांची हजेरी घेतो. मास्तर घेतात तशी. हजर म्हणाली की ठिपका हिरवा. दोनदा उत्तर आलं नाही की लाल."

"आणि मधेच काही बिघडलं तर?"

"तर पेटी स्वतःहून हाक मारते. पण एकदाच. तुम्ही ऐकली का, असं ती विचारत बसत नाही. वाटेत हरवली तर हरवली. म्हणून हजेरी चुकवायची नाही."

मग त्याने दोन शब्द दिले. पेटीला काही विचारायचं तर आधी एक ठरलेला शब्द सांगावा लागतो, तरच ती उत्तर देते. तो बघायचा शब्द. आणि पेटीला काही करायला लावायचं असेल, एखाद्या वायरीचं भोक, म्हणजे पोर्ट, बंद करायचा किंवा उघडायचा असेल, तर दुसरा शब्द लागतो. तो करायचा शब्द. बघायचा शब्द कंपनीत चौघांना ठाऊक होता. करायचा शब्द योगेंद्रला होता आणि त्या दिवसापासून दिपमालाला.

"नीट लक्षात ठेव," तो म्हणाला, "या पेट्या जुन्या आहेत. कोण बोलतंय हे त्यांना कळत नाही. शब्द बरोबर आला की त्या ऐकतात. मी सांगितलं काय आणि तू सांगितलं काय, त्यांच्या लेखी एकच." नव्या पद्धतीत म्हणे प्रत्येक माणसाचं नाव आणि त्याची वेगळी खूण लागते. ती पुढच्या वर्षी आणू, असं पुनीतशेठ दर वर्षी म्हणत.

तिने आणखी एक विचारलं होतं. पोर्ट आपणच मुद्दाम बंद केला तर पेटी हाक मारते का? योगेंद्र हसला. "मारायची. ती हाक मीच दाबून ठेवली आहे. नाहीतर रोजची दुरुस्ती आणि रोजची बोंब." तिलाही ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्याच आठवड्यात योगेंद्रने तिला गावांची यादी नीट करायला दिली. पडद्यावर नावाला जागा थोडी. बुद्रुक आणि खुर्दच्या आखूड खुणा, बु. आणि खु., एकसारख्याच दिसत, चटकन वाचता येत नसत. दिपमालाने विचार न करता, आपल्या घरी म्हणतात तशी नावं घातली. जिथे आरोग्य केंद्र होतं त्या खुर्दपुढे 'हिवरपाट मोठं'. आणि बुद्रुकात नुसता टेकडीवरचा सिग्नलचा मनोरा आणि त्याच्या पायथ्याची पेटी होती, तिच्यापुढे 'हिवरपाट लहान'. योगेंद्र पेट्या आकड्यांनी ओळखे. त्याने नावांकडे कधी पाहिलं नाही. चार वर्षं हे असंच चाललं आणि काही म्हणता काही झालं नाही.

मार्चमधला बुधवार होता. बुद्रुकच्या मनोऱ्यावरची वायर उन्हाने तडकली होती, ती बदलायला योगेंद्र सकाळीच मोटारसायकलने गेला. त्या वायरीतून वीजही जाते, म्हणून चढण्याआधी खालच्या पेटीतला तिचा पोर्ट, सात नंबरचा, बंद करावा लागतो. नेहमी तो लॅपटॉप नेई. त्या दिवशी लॅपटॉपची बॅटरी उतरलेली. त्याने मोबाइलवर यादी उघडली. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर आकडे मावत नाहीत, नुसती नावं दिसतात. हिवरपाट मोठं. हिवरपाट लहान. योगेंद्र बुद्रुकात उभा होता आणि बुद्रुक म्हणजे मोठं हे त्याला शाळेपासून पाठ. त्याने मोठ्यावर बोट ठेवलं, सात नंबर निवडला, करायचा शब्द टाकला. पेटीने ऐकलं. तेव्हा दहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. चपला काढून तो मनोऱ्यावर चढला.

नदीपलीकडे खुर्दच्या केंद्रात सात नंबरला ईसीजीचं यंत्र होतं.

अकरा वाजून आठ मिनिटांनी पिंप्राळ्याच्या खोलीत फोन वाजला. खुर्दच्या नर्स बेबाबाई. दिपमाला त्यांना अक्का म्हणायची. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं बोलणं व्हायचं आणि पहिल्या दिवसापासून ते गावच्या बोलीतच व्हायचं. ऑफिसची मराठी ऐकली की अक्का सावरून बसायच्या आणि धड काही सांगायच्या नाहीत, म्हणून दिपमालानेच ती सवय लावली होती.

"पोरी, आमना मशीननी पट्टी धुळाले जात नही," अक्का म्हणाल्या. "डाक्टर म्हनस काहीच दिसत नही. तठे काय दिसस, देख बरं."

दिपमालाने पडद्याकडे पाहिलं. हिवरपाट मोठं: हिरवा. पेटी एकशे बारा दिवस अखंड चालू, शेवटची हजेरी दोन मिनिटांपूर्वीची. नावावर एकदा बोट दाबलं असतं तर आतली यादी उघडली असती आणि चोवीस पोर्टांमध्ये सातवा राखाडी दिसला असता. एकदा. तिने ते दाबलं नाही. घाई नव्हती, दुसरा फोन नव्हता, सांगण्यासारखं कारणच नव्हतं. हिरवा ठिपका चार वर्षं हिरवाच असतो, एवढंच.

"आठून तं बठ्ठं ठीक शे, अक्का," ती म्हणाली, म्हणजे इथून तर सगळं ठीक दिसतंय. "मशीनना पलग काढीसन परत लावा."

"बरं, बाई," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पावणेबाराला योगेंद्र खाली उतरला. जो पोर्ट आपण बंद केला असं तो समजत होता, त्याचा दिवा पायथ्याच्या पेटीवर अजून लुकलुकत होता. यादीतलं 'मोठं' म्हणजे नदीपलीकडचं खुर्द, हे त्याला तेव्हा कळलं. त्याने खुर्दचा सात नंबर लगेच उघडला आणि दिपमालाला फोन लावला.

"माझ्या हातून खुर्दचा पोर्ट बंद झाला होता. जवळजवळ तासभर. तिथून काही फोन आला होता का?"

ती पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आला होता."

दुपारी दोनला धुळ्याहून कळलं. मोठ्या हिवरपाटचे अमृत सुकदेव, वय बावन्न, छातीत दुखतंय म्हणून केंद्रात आले होते. साडेअकराच्या पुढे त्यांना गाडीत घातलं. फागणं मागे पडलं, धुळं दिसायला लागलं आणि गाडीतच त्यांचा जीव गेला.

पुढचे दिवस दिपमालाने कसे काढले ते तिलाच ठाऊक. ती वेळेवर येई, हजेरीचा पडदा बघत बसे, आणि हिरवा ठिपका दिसला की तिची नजर तिथून सरके. घरी ताट पुढे सारून आईला तिने सांगितलं की पित्त झालंय. दवाखान्याने कंपनीकडे लेखी खुलासा मागितला होता, सोमवारपर्यंत. शुक्रवारी पुनीतशेठने दोघांना समोर बसवलं. पुनीतशेठ वाईट माणूस नव्हता. अमृत सुकदेव गेल्याचं कळलं त्या दिवशी तो जेवला नव्हता, हे खालच्या दुकानातल्यांनी पाहिलं होतं. पण खाली बापाचं दुकान, वर चौघांची पोटं, आणि कागद म्हटला की व्यापाऱ्याचा हात आखडतो तो आखडतोच.

"पेटीच्या नोंदीत काय आहे?" त्याने विचारलं.

"दहा बावन्नला सात नंबर बंद, अकरा सेहेचाळीसला चालू," योगेंद्र म्हणाला.

"कुणी केलं ते?"

"ते पेटीत नसतं. करायचा शब्द वापरला, एवढंच असतं."

"मग झालं. तांत्रिक बिघाडाने पोर्ट बंद पडला, असं लिहू. खोटं कुठे आहे?"

"मी बंद केला," योगेंद्र म्हणाला. "माझं नाव लिहा. शब्द दोघांना ठाऊक आहे. नाव लिहिलं नाही तर उद्या हिच्यावरही येईल."

पुनीतशेठने खूप समजावलं. योगेंद्र हलला नाही. तो हट्टाने नव्हे, थकलेल्या माणसासारखा बोलत होता. नावांच्या यादीचा त्याने उल्लेखही केला नाही. 'मोठं' हे कुणी लिहिलं, का लिहिलं, यावर अवाक्षर नाही. दिपमाला समोर बसून टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होती. आपण बोलायला हवं हे तिला कळत होतं आणि जीभ उचलत नव्हती.

त्या संध्याकाळी बेबाबाईंचा फोन आला. धुळ्याच्या साहेबांनी त्यांचीही चौकशी केली होती. "तुन्हं नाव मी काढं नही, पोरी," त्या म्हणाल्या. "फोन लावा, लागना नही, असं सांगी दिन्हं. तू बी तेज सांग." अक्काला वाटत होतं की आपण पोरीला वाचवतोय. दिपमालाला रडू आलं, आणि ते सुटकेचं आहे हे कळल्यावर स्वतःची किळस आली.

आता सगळं सरळ होतं. पोर्ट योगेंद्रने बंद केला, तो कबूल आहे. फोन लागलाच नाही. अकरा आठच्या त्या दोन वाक्यांची नोंद कुठल्याच पेटीत नव्हती. गप्प बसायचं, एवढंच तिने करायचं होतं. आणि योगेंद्रची नोकरी जाणार, पुढे कुठल्या दवाखान्याचं काम त्याला कुणी देणार नाही, हेही दिसत होतं.

रविवारी ती एसटीने मोठ्या हिवरपाटला गेली. माणूस गेलेल्या घरी बसायला जातात, तशी. आईला म्हणाली, ओळखीतले होते. बाजाराचा दिवस, थांब्यावर मिरच्यांची पोती आणि रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. अमृत सुकदेवांचं घर विचारत विचारत ती गेली; त्यांच्या बायकोचं नाव भिकुबाई, हे वाटेतच कळलं. ओट्यावर चार-पाच माणसं गप्प बसली होती. दारात उभं राहून तिने विचारलं, "भिकुबाई शेतस का घरमा?"

आत भिंतीला टेकून एक बाई बसली होती. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. तिने दिपमालाकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि शेजारी सतरंजीवर हात आपटून बस म्हटलं. कुठली, कुणाची, काही विचारलं नाही. तिने न विचारल्यामुळे दिपमालालाही काही सांगावं लागलं नाही.

मग शेजारची एक म्हातारी, सांत्वनाला आलेल्यांना सांगतात तसं, दिपमालाला सगळं सांगू लागली. सकाळी शेतातून आला, घाम फुटला होता, पोराने गाडी काढली. ती बोलत होती आणि भिकुबाई ऐकत होती. मधेच भिकुबाईने तिला थांबवलं आणि स्वतः सांगायला लागली. आवाज सपाट होता, बाजारातला भाव सांगावा तसा.

"गाडी दवाखानाना दारशे उभी व्हती. डाक्टरनी फोनवर सांगं, पट्टी दिसत नही, पन तुम्ही ली या धुळाले. मी म्हनू चाला. मंग बेबाक्कानी जळगावले फोन लाया. फोनना आवाज मोठा करेल व्हता. तठली बाई बोलनी, आपलीज बोली बोलनी, बठ्ठं ठीक शे."

ती थांबली. ओट्यावरच्या माणसांपैकी कुणीतरी खाकरलं.

"त्या, पोरना बाप, खाटवर व्हतात. त्यास्नी बी आयकं. मन्हाकडे देखीसन हासनात. म्हनेत, देख, जळगावनी डाक्टरीन बाई काय म्हनस. बठ्ठं ठीक शे. मंग कसाले जावो धुळाले? उगा पोरनं काम बुडाडाले?" भिकुबाईने पदराची कड बोटाला गुंडाळली. "त्यासले वाटनं, ती त्यासना काळीजनंज सांगी राह्यनी. पानी पिनात. अर्धा तास बसनात. गाडीमा चढाले तयारज नही. मंग जव्हय पडनात, तव्हय उचलीसन ठेवं."

इतके दिवस ती त्या तासाभराच्या बंद वायरीशी झगडत होती: कुणाचं बोट, कुणाची यादी, कुणाचा शब्द. ती वायर चालू असती, नसती, डॉक्टरने तर सांगितलंच होतं की घेऊन या. गाडी दारात होती. माणूस चढणार होता. त्याला पेटीने थांबवलं नव्हतं. एका भिंतीवरची लोखंडी पेटी हजर आहे, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि ते तिने अशा बोलीत सांगितलं की खाटेवरच्या माणसाला आपल्या आईच्या तोंडचं वाटावं. ऑफिसच्या मराठीत बोलली असती, लिंक चालू आहे म्हणाली असती, तर त्याला काही समजलं नसतं आणि तो गाडीत बसला असता.

"ती बाई मी व्हतू," दिपमाला म्हणाली.

म्हातारीने तोंडाला पदर लावला. ओट्यावरून एक जण उठून दारात आला, तसा भिकुबाईने त्याला हातानेच मागे सारलं.

दिपमालाने मग सगळं सांगितलं. पेटी कशी असते, हिरवा ठिपका कशाचा असतो, आतली यादी बघायची राहिली, ती कशी राहिली याला कारण नाही. यंत्र बिघडलं नव्हतं, आमच्याच माणसाच्या हातून बंद झालं होतं, आणि त्याच्या हातून ते झालं कारण गावाचं नाव मी चुकीचं लिहून ठेवलं होतं. चुकीचं म्हणजे आपण म्हणतो तसं. मी डॉक्टर नाही. काळजातलं मला काही कळत नाही. मी नुसती पेट्यांची हजेरी घेते. बोलताना ती रडली नाही, कारण इथे रडायचा हक्क आपला नाही असं तिला वाटलं.

भिकुबाई शांतपणे ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "तू दारमा बोलनी, तव्हयज वळखं मी तुन्हा आवाज. चार दिन व्हयनात, तो आवाज मन्हा कानमातून जात नही. देखी राह्यंतू, सांगस का नही."

ओट्यावर कुणीतरी विडी पेटवली. बाहेर बाजारातला भोंगा कसलीतरी जाहिरात करत गेला.

"आते एक सांग," भिकुबाई म्हणाली. "लवकर निंघतूत, तं त्या वाचतात का?"

वाचले असते असं म्हणणं सोपं होतं, त्यात स्वतःला शिक्षा होती. नसते वाचले असं म्हणणंही सोपं होतं, त्यात समोरच्या बाईला आधार होता. दोन्ही वाक्यं दिपमालाच्या तोंडाशी आली. तिने दोन्ही गिळली.

"माले माहीत नही, माय," ती म्हणाली.

भिकुबाईने मान हलवली. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

"हाऊज शबद तव्हय बोलती," ती म्हणाली, "तं आम्ही थांबतूत नही."

सोमवारी सकाळी दिपमालाने खुलाशाच्या कागदावर योगेंद्रच्या नावाखाली आपलं नाव घातलं. आधी नावांच्या यादीचं लिहिलं. मग लिहिलं की अकरा वाजून आठ मिनिटांनी फोन आला होता आणि लागला होता, नर्सनी तो न लागल्याचं सांगितलं ते मला वाचवण्यासाठी, त्यांचा त्यात दोष नाही. खाली स्वतःचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. पुनीतशेठने कागद दोनदा वाचला. बेबाबाईंच्या ओळीवर थांबला, मग पुढे गेला. खालच्या, तिच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे निदान शुद्ध मराठीत तरी लिही. दवाखान्याचे लोक वाचतील."

"मी शुद्ध मराठीत बोलले नव्हते," ती म्हणाली.

त्याने कागद खाली ठेवला. मग खिशातून पेन काढून सही केली. योगेंद्र दाराशी उभा होता. कागद घेऊन तो धुळ्याच्या गाडीला गेला.

दिपमाला पडद्यासमोर बसली. हिवरपाट मोठं आणि हिवरपाट लहान ही नावं तिने खोडली आणि त्या जागी खुर्द आणि बुद्रुक, पूर्ण अक्षरं, मावत नव्हती तरी घातली. हजेरीची वेळ झाली. सगळ्या पेट्या हजर म्हणाल्या. तिने एकेका नावावर बोट दाबलं आणि आतल्या याद्या वाचायला सुरुवात केली.